अव्वा पांदीनं गेली

॥ श्री ॥

मु. सिद्धनवाडी, ता. तुळजापूर
बुधवार, ता. ६ सप्टेंबर १९६१

चि. सौ. पारूस,

अक्काचे अनेक आशीर्वाद. तू, शरणप्पा आणि मुलं हुबळीला खुशाल असाल अशी आशा करते.

तार मिळालीच असेल. हरिबाचा थोरला सोमवारी सकाळीच नळदुर्गला जाऊन तार करून आला. पण तू मिळताच निघाली असतीस तरी इथं पोचायला मंगळवारची संध्याकाळ झाली असती. तेवढं थांबता आलं नाही, याचं वाईट वाटून घेऊ नकोस. थांबायचं नाही, दिवस मावळायच्या आत न्यायचं, हे अव्वानंच सांगून ठेवलं होतं.

वर श्री लिहिलंय ते चुकून नाही. मयताच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत असं इथले शाळामास्तर म्हणाले. मी म्हटलं, मास्तर, आम्हां लिंगायतांत सुतक धरत नाहीत. आणि आमची अव्वा ज्या थाटानं गेली ते कळवायला श्रीशिवाय सुरुवात कशी करू?

सहा वर्षांत तुला माझं एक अक्षर नाही. तुझं शेवटचं कार्ड माझ्या पेटीत आहे. ‘पाच घरं ओलांडून आईकडं जायला जिला जमत नाही, तिचं पत्र मला नको,’ असं तू लिहिलं होतंस. खरं तेच लिहिलं होतंस. एकाच गावात राहून मी सहा वर्षं अव्वाच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. तरी हे पत्र वाच. माझ्यासाठी नको, यात अव्वा आहे म्हणून वाच.

सोमवारी, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी, मी मागच्या दारी ज्वारी पाखडत होते. इरम्मा धापा टाकत आली. अव्वाच्या शेजारची इरम्मा तुला आठवतेच. म्हणाली, “शिवे, तुझी अव्वा गेली गं. पूजा चालली व्हती. लिंग हातात व्हतं, अन् तशीच भिंतीला टेकली. म्या म्हटलं डोळा लागला.”

मी सूप ठेवलं आणि निघाले. ओसरीवर मामा बसले होते. तुझे ते नुसते मामा. माझे मामाही आणि सासरेही.

“कुठं?”

“अव्वाकडं.”

“विचारलंस कुणाला?”

“अव्वा गेली, मामा.”

तंबाखू मळता मळता त्यांचा हात थांबला. सख्खी धाकटी बहीण. मला वाटलं, उठतील. उठले नाहीत. चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाले, “जा. पर ओढ्यानं न्या म्हणावं. पांद बंद हाय.”

ती पाच घरं मी कशी ओलांडली ते विचारू नकोस. दारात पोचले तर बायका बाजूला झाल्या. कुणी टोमणा मारला नाही, त्याचीच जास्त लाज वाटली. इरम्मानं आणि दोघींनी मिळून अव्वाला न्हाऊ घातलं होतं, पांढरं लुगडं नेसवून, कपाळभर विभूती लावून भिंतीशी बसवलं होतं. आपल्यात बसवतात हे किती बरं, पारू. आडवं पडलेलं माणूस हरल्यासारखं दिसतं. अव्वा ताठ बसली होती, मांडी घालून, तारखेच्या दिवशी तुळजापूरला कचेरीच्या ओट्यावर बसायची तशी. पुकारा झाला की उठेल असं वाटत होतं.

तिनं सगळं आधी ठरवून ठेवलं होतं. महिनाभर बारीक ताप होता म्हणे. त्या महिन्यात तिनं इरम्माला आणि हरिबाला बसवून एकेक गोष्ट सांगितली. तिला बसवून न्यायचं विमान बलभीम सुतारानं करायचं, त्याला लाकूड परसातल्या कडुलिंबाचं द्यायचं. केळीचे खुंट अमक्याच्या मळ्यातले. भजनाला अणदूरची मंडळी. समाधी अप्पांच्या समाधीच्या डाव्या हाताला, तिथं तिनं जागा राखली आहे, दगड लावून ठेवलाय. रडणाऱ्या बायकांनी मागं राहायचं आणि गाणाऱ्यांनी पुढं चालायचं. इरम्मानं विचारलं, “अन् रडणारी गाणारी बी असली तर?” तर अव्वा म्हणाली, “मग मधी घाल.”

शेवटी दोन गोष्टी तिनं दोघांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतल्या. एक, “मला पांदीनं न्या.” दुसरी, “शिवी आल्याबिगर मला उचलू नका.”

ही दुसरी मला इरम्मानं अव्वाच्या समोरच सांगितली. मी खाली बसले.

बाहेर अंगणात मंडळी जमली होती. मठाचे अय्या आले होते. पांदीची गोष्ट निघाली तशी सगळ्यांनी माना खाली घातल्या. तुला हुबळीला जाऊन इतकी वर्षं झाली, म्हणून आठवण करून देते. गावातून निघून मामांच्या रानाच्या कडेनं, दोन बांधांमधून जी गाडीवाट रुद्रभूमीकडं जायची, ती आपली पांद. आपले अप्पा त्याच वाटेनं गेले. सात वर्षांपूर्वी मामांनी गावाकडच्या तोंडाला काटे घातले आणि मधे नांगर धरला. रान एकसलग हवं होतं. तेव्हापासून गावातलं प्रत्येक मढं ओढ्यानं जातं, दोनदा पाणी ओलांडून, टेकडीला वळसा घालून. त्याच पावसाळ्यात हरिबाच्या सुनेला, रखमाला, नेताना पाण्यात माणसांचे पाय सुटले आणि तिरडी हातातून गेली. बाभळीच्या मुळाला अडकलेली सापडली, दुपारनंतर. हरिबाचा मुलगा कंबरभर पाण्यात उभा राहून बायकोला हाका मारत होता. अव्वा तेव्हा काठावर होती. दुसऱ्या दिवशी तिनं भाकरी बांधून घेतली, अणदूरपर्यंत चालत गेली, तिथून मोटारीनं तुळजापूर, आणि सख्ख्या भावावर दरखास्त दिली. ज्या बाईला आपलं नाव लिहिता येत नव्हतं, तिनं.

सोमवारीही ओढा मांडीएवढा होता. कुणी म्हणालं, पाणी ओसरेपर्यंत थांबू. कुणी म्हणालं, परसातच समाधी द्या, शास्त्राला चालतं. अय्या म्हणाले, “चालतं. पण तिला चाललं असतं का?”

मग हरिबा बोलला. “म्हातारीनं सात वरसं पांद मागितली. ती बी माझ्या सुनंपायी. आज तिलाच पाण्यातनं न्यायची? न्या. पर म्या खांदा देणार न्हाय.”

तरी कुणी उठलं नाही. त्यांचंही चुकलं म्हणू कशी? अर्ध्या गावाची कामं मामांच्या रानात, अर्ध्या गावाचं पिण्याचं पाणी मामांच्या विहिरीवर. काट्याला हात लावला की दुसऱ्या दिवशी रहाट बंद.

मी आतून ऐकत होते. बाहेर आले. इतक्या पुरुषांसमोर मी जन्मात बोलले नव्हते. पदर घट्ट धरला आणि म्हटलं, “अव्वाला पांदीनंच न्यायचं. काटे तुम्ही कुणी काढू नका. मी काढते. मी त्या घरची सून आहे. माझ्याच घरचं कुंपण मी काढलं, तर त्यात तुमचा काय गुन्हा?”

मग अय्यांनी हातातली काठी जमिनीवर आपटली आणि मोठ्यानं म्हणाले, “ऐकलं ना? चारला निघायचं. खड्डा खणायला कोण जातंय?”

पारू, मग जे सुरू झालं ते तू पाहायला हवं होतंस. बलभीमच्या परसात ठोकाठोक, केळीचे खुंट आले, झेंडू आला, टोपलीभर बेल आला. खणायला दोघांना सांगितलं तर नऊ जण गेले. मीठ, विभूती, सगळं ज्याच्या त्याच्या घरून येत राहिलं. लग्नघरात असते तशी धांदल. अणदूरचे भजनी ओढ्यातून भिजत आले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, अव्वाला नेताना पण पाण्यातूनच का? तर इरम्मा ठसक्यात म्हणाली, “न्हाय. आज पांदीनं.”

दोनच्या सुमाराला मी कोयता घेतला. इरम्मा संगती आली.

पांदीच्या तोंडाशी सात उन्हाळ्यांचे काटे होते. दर वर्षी जुन्यावर नवे घातलेले. बोर, बाभूळ, मधून वेल माजलेले. आणि त्या काट्यांच्या पलीकडं, बरोबर वाटेच्या मधोमध, मामा. गड्याकडून बाज आणवली होती आणि तिच्यावर काठी घेऊन बसले होते. सत्तरी ओलांडली तरी बसणं पाटलाचंच.

मी पहिला घाव घातला.

“शिवे!”

मी दुसरा घातला.

“कचेरीतला कागद इसरलीस का? आं? कुणाच्या घरचं खातीस?”

“विसरले नाही, मामा. म्हणून तर आले.”

कोणता कागद ते तुला सांगायचं आहे. आधी हे लिहून होऊ दे.

“म्या सांगितलंय गावाला,” मामा ओरडले, “सिद्दी मेली तरी ह्या पांदीतनं जायची न्हाय. माझा शबुद हाय.”

मी तोडत राहिले. हात रक्ताळले. इरम्मा ओढून बाजूला टाकत होती. एवढ्यात मागून पावलं वाजली. वळून पाहते तर आमचे हे. औत सोडून आले होते, अंगावर घाम, हातात कुऱ्हाड. तुझे दाजी कसे आहेत तुला ठाऊक आहे. वडिलांसमोर त्यांनी कधी मान वर केली नाही. मला वाटलं, आता मला हाताला धरून घरी नेतील.

“कल्याणा,” मामा म्हणाले, “घिऊन जा हिला.”

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या हातांकडं पाहिलं. म्हणाले, “सर बाजूला. काटे भरत्याल.”

आणि कुऱ्हाड चालवायला लागले.

मामा नुसते पाहत राहिले. बाजेवरून हललेही नाहीत. साडेतीनपर्यंत काट्यांत विमान जाईल एवढी वाट झाली, पण वाटेत बाज तशीच, आणि बाजेवर मामा तसेच. वडिलांना उचलून बाजूला ठेवायचं धाडस ह्यांच्यानं झालं नाही. मीही ह्यांना तसं म्हटलं नाही.

चारला अव्वा निघाली. टाळांचा आवाज आधी ऐकू आला. पुढं गाणाऱ्या बायका, त्यांच्या मागं भजनी, मग विमान. केळीच्या खुंटांमधे, झेंडूच्या माळांमधे अव्वा बसलेली. डाव्या हातात लिंग. खांद्यावर विमान असल्यानं ती सगळ्यांच्या डोक्यांच्या वर होती. साऱ्या गावाहून उंच. जन्मभर वाकून चाललेली आपली अव्वा, पारू, मी तिला खालून मान वर करून पाहिलं.

बाजेपासून चार हातांवर सगळे थांबले. टाळ थांबले. आता काय होतं, म्हणून पोरंसोरंही पुढं सरकली. अय्यांनी एकदा मामांकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “इथं विसावा. विमान टेका.”

विमान खाली टेकलं. बरोबर बाजेसमोर.

आता बघ कसं झालं. अव्वा बसलेली, मामाही बसलेले. समोरासमोर, एका उंचीवर. आडवी असती तर मामांना मान वळवता आली असती. पण ती त्यांच्याकडं तोंड करून बसली होती. डोळे मिटलेले, कपाळावर विभूती, ओठ जरा दाबलेले, हट्टाला पेटली की दाबायची तसे. सात वर्षांत बहीणभाऊ इतक्या जवळ आले नव्हते.

अव्वाच्या माळेवर एक मधमाशी बसली, उठली, पुन्हा बसली. मामांनी हात पुढं केला आणि ती हाकलली. मग हात तसाच अधांतरी राहिला.

“सिद्दे,” ते म्हणाले. हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “बसून आलीस व्हय?”

मग काठीवर जोर देऊन उठले. कुणीतरी हात द्यायला गेलं, तो त्यांनी झिडकारला. बांधावर जाऊन उभे राहिले, आमच्याकडं पाठ करून, आणि म्हणाले, “बाज उचला रे.”

बस, एवढंच. बाज ह्यांनी उचलली. हरिबानं पुढं होऊन विमानाला खांदा दिला, त्याच्या शेजारी त्याचा मुलगा, मागं बलभीम आणि हे. अणदूरच्या भजन्यांनी असा टाळ धरला की रानातली पाखरं उठली. कुणी ‘हर हर महादेव’ म्हटलं आणि पांद दुमदुमली. गाणाऱ्या पुढं होत्या. मी रडणारीही होते आणि गाणारीही, म्हणून इरम्मानं मला मधे घातलं.

अप्पांच्या डाव्या हाताला अव्वाला बसवलं. मीठ, विभूती, बेल, मग माती. अय्यांनी विधी केला. पहिली मूठ मी टाकली. पुढच्या मुठी किती हातांच्या होत्या ते मला दिसलं नाही. एक मात्र पाहिलं. परत येताना ओढ्याकडं एकही पाऊल वळलं नाही.

हात सुजलेत, अक्षर वाकडं येतंय. बाकीचं उद्या लिहिते.

मंगळवार, ता. १२ सप्टेंबर

पारू, हे पत्र सहा दिवस पेटीत पडून होतं. टाकायला निघाले आणि परत ठेवलं. वाचून पाहिलं तर त्यात मी फार चांगली दिसत होते. वर लिहिलेलं सगळं खरं आहे. पण कागदाचं मी लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

अव्वा दरखास्त कशानं हरली, ते तिनं तुला काय सांगितलं होतं? मामांनी माणसं फिरवली, असंच ना? तिनं सगळ्या गावाला तेच सांगितलं. माणसं फिरवली नव्हती. एकच माणूस फिरलं होतं. ते मी.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात मामांनी मला बोलावलं. म्हणाले, तू ह्या गावात जन्मलीस, म्हातारीची थोरली लेक आहेस, तुझा शब्द कचेरी मानील. जाऊन सांग की हितं पांद कधीच नव्हती. मी नाही म्हटलं. खरंच म्हटलं, पारू, एकदा म्हटलं. मग ते म्हणाले की लग्नाला अकरा वर्षं झाली, कूस उजवली नाही. माझ्या चुलतभावाची पोरगी उपवर आहे, ती कल्याणाला करून घेऊ, आणि तू परत आईकडं जा, पांदीची राखण कर. मी सात दिवस जेवले नाही. आठव्या दिवशी गाडीत बसून तुळजापूरला गेले.

अव्वा ओट्यावर बसली होती. मला पाहून तिला वाटलं, मी तिच्या बाजूनं आले. हसली. शेजारी बसायला जागा केली.

आत तहसीलदारसाहेबांसमोर मी सांगितलं, मी याच गावची, लहानपणापासून ते रान पाहते, तिथं वाट कधी नव्हती. पेशकारानं लिहून घेतलं आणि विचारलं, अंगठा की सही? मी सही केली. मला शाळेत घालण्यासाठी अव्वा अप्पांशी महिनाभर भांडली होती. मुलीची चौथी झाली म्हणून तिनं गावभर गूळ वाटला होता. त्या अक्षरानं मी सही केली.

साहेबांनी अव्वाला विचारलं, “बाई, ही तुमची कोण?”

“लेक.”

“ती म्हणते वाट नव्हती. तुम्ही म्हणता होती. यात खोटं कोण बोलतं?”

मला खोटी म्हणायला तिला एक शब्द पुरला असता. हरिबा बाहेर उभा होता, आणखी चार साक्षीदार होते. ती म्हणाली, “माझी लेक खोटं बोलत न्हाय, साहेब. ती म्हणती तसं लिव्हा.”

आणि उठून बाहेर आली. दरखास्त तिथंच संपली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, “उन्हाची आलीस. पाणी पी.” मी पाणी न पिता गाडीत जाऊन बसले. त्यानंतर तिच्या दारात जायला मला तोंड नव्हतं. तू समजत होतीस मामा जाऊ देत नाहीत. जाऊ देत नव्हतेच. पण मी विचारलंही नव्हतं कधी.

हे सगळं तिला तुला कळवता आलं असतं. शाळामास्तरांकडून चार ओळी लिहून घेतल्या असत्या की झालं. तिनं कळवलं नाही. आपल्या माघारी दोघी बहिणी एकमेकींना राहाव्यात असा तिचा हिशेब असणार. आता मी तो मोडते आहे, कारण खोट्यावर उभी असलेली अक्का तुला देऊन मला काही मिळवायचं नाही.

काल सोमवारी मी तुळजापूरला गेले. एकटी. अव्वा जायची तशीच, अणदूरपर्यंत चालत. ह्यांना सांगून गेले, हे म्हणाले, “येऊ का?” मी म्हटलं, “नको, ह्याला मलाच जायला पाहिजे.”

कचेरीत पेशकार तेच आहेत, आता केस पिकलेत. मी म्हटलं, सहा वर्षांपूर्वी मी एक जबानी दिली होती, ती खोटी आहे, खरी लिहून घ्या. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं.

“बाई, कळतंय का काय बोलताय? हे तुमच्यावरच उलटेल. खोट्या जबानीला शिक्षा आहे.”

“असू द्या. लिहा.”

“पण आता कशाला? ज्यांची दरखास्त होती त्या तर वारल्या म्हणता.”

“त्या इथं म्हणाल्या होत्या, माझी लेक खोटं बोलत नाही. ते खरं करायला आले.”

पेशकारांनी चष्मा पुन्हा घातला. दौत पुढं ओढली. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. आपली पांद किती हात रुंद होती, कुठल्या बांधाला चिंच होती, अप्पांना कोणत्या साली तिथून नेलं, सगळं. लिहून झाल्यावर त्यांनी कागद वाचून दाखवला. मग स्वतः उठून आतल्या साहेबांकडं घेऊन गेले. हे साहेब नवे आहेत. त्यांनी मला आत बोलावलं, उभं न ठेवता बसायला सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, पुढच्या आठवड्यात पंचनाम्याला माणूस पाठवतो, गावात साक्ष द्यायला कोणी आहे का?

पारू, आज सकाळी मी घरोघर गेले. मला वाटलं होतं पाचदहा जण मिळतील. एकाही घरानं नाही म्हटलं नाही. हरिबानं अंगठा केला आणि तो पुसायलाच तयार नाही, सगळ्यांना दाखवत फिरतो. शेवटची सही आमच्या ह्यांची. मामांच्या डोळ्यांदेखत, ओसरीवर बसून केली.

मामा माझ्याशी बोलत नाहीत. मी वाढलेलं जेवतात. विहिरीचा रहाट बंद केला नाही, आणि काटे पुन्हा घाला असं कुणाला सांगितलंही नाही. काल तुळजापूरहून परत आले तेव्हा अंधारून येत होतं. मी पाय धूत होते, तर ओसरीवरून एकाएकी विचारलं, “समाधीला किती माणूस व्हतं?”

मी म्हटलं, “मोजलं नाही, मामा. पांद भरली होती.”

त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. त्यांच्यावर आता माझा राग नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण भीती गेली आहे. ती कुठं ठेवली होती तेही आठवत नाही.

माझ्यावर काय कारवाई होईल ठाऊक नाही. साहेब म्हणाले, बघू. होईल ते होवो.

तू दिवाळीला ये. शरणप्पांना रजा नसेल तर मुलांना घेऊन एकटी ये. सोलापूरहून मोटारीनं अणदूरला उतर, मी बैलगाडी घेऊन उभी असेन. अव्वाच्या घराला कुलूप लावलेलं नाही, चूल मी रोज सारवते, तिथंच उतर. हे वाचून तू माझ्यावर संतापशील. कार्डावर संतापू नकोस, इथं येऊन माझ्या तोंडावर बोल, मी ऐकेन. मग दोघी अव्वाकडं जाऊ. आजच दुपारी बलभीमची गाडी पांदीतून गेली, नांगरटीत दोन्ही चाकांच्या खोल चाकोऱ्या उमटल्यात. दिवाळीपर्यंत वाट चांगली मळलेली असेल.

मुलांना गोड पापा. शरणप्पांना नमस्कार सांग.

अक्का म्हणून सही करायला हात धजत नाही. ते तू ठरव. सासरचं नाव लावून सह्या खूप केल्या. आजची ही वेगळी,

सिद्धम्माची लेक
शिवकांता